फाटकापासूनची मिनिटं

यमुनाअक्का मला पहिलं वर्षभर अजिबात आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोड लिहीत बसलो तर त्याच म्हणाल्या असत्या, सोनवणे भाऊ, मागून भरू नका. ‘मागून भरणं’ हा आमच्या दवाखान्यातला शब्द. काम झालं त्या वेळी नोंद करायची नाही. ड्यूटी संपताना चहा पीत पीत, आठवेल तसं आणि सोयीचं असेल ते रजिस्टरात उतरवून टाकायचं. ही कला मी वीस वर्षं केली आणि चांगली केली. त्यामुळे अक्कांबद्दल लिहिताना पेन जरा अडखळतं.

जळगावातलं आमचं रुग्णालय ट्रस्टचं. मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर. राहायला पाचोऱ्याला, रोज पॅसेंजरने येणं-जाणं. खिडकीच्या वर एक गोल घड्याळ होतं आणि ते मी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं होतं. का, तर संध्याकाळची गाडी चुकू नये. आमच्याकडे निम्म्या घरांत घड्याळ पुढेच असतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते पुढे आहे हे माहीत असतं, तरी सगळे त्याला घाबरून आवरतात. यात कुणाला काही पाप वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

अक्का धुळ्याकडच्या. इमर्जन्सीच्या इनचार्ज सिस्टर म्हणून आमच्याकडे आल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. बुटक्या, काटक, केसांचा आवळून अंबाडा, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. नाडी बघताना सोपं जातं म्हणून सिस्टर लोक असं बांधतात. पण अक्कांना ते नाडीपेक्षा आमच्यासाठीच जास्त लागायचं. बोलता बोलता मनगट वळवायच्या, की समोरचा माणूस आपोआप आवरतं घ्यायचा. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. टेबलामागे खुर्ची होती, तिच्यावर फायली बसायच्या. चहा उभ्यानं, तोही अर्धाच. उरलेला अर्धा माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर गार होत पडायचा आणि कप मी उचलायचा. कळण्याची भाकरी ठेचा लावून गुंडाळायच्या आणि फिरता फिरता खायच्या. नुसतं बघूनच माणसाला धाप लागायची. ऑफिसात बोलणं एकदम शुद्ध, पण राग आला किंवा माया आली की सरळ अहिराणी. दोन्हींतलं काय आलंय हे कळायला मला बराच काळ लागला.

आल्या आल्या त्यांनी मागितलं ते छातीत दुखणाऱ्या पेशंटांचं रजिस्टर. आता यातलं एवढं समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. हार्ट अ‍ॅटॅकचा माणूस दवाखान्यात आला, की दहा मिनिटांच्या आत त्याचा कार्डिओग्राम निघाला पाहिजे. तो निघाला की डॉक्टरला कळतं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का. तोवर हृदयाचा तुकडा आत मरत असतो आणि बाहेरून माणूस नुसता घाम पुसत असतो. अक्का म्हणायच्या, कार्डिओग्रामची पट्टी हातात येत नाही तोवर डॉक्टर पण आंधळाच. तर आमच्या रजिस्टरात हा वेळ कायम आठ, नऊ, नाहीतर दहा. रजिस्टर मीच भरायचो. तपासणीला आलेले साहेब मागे एकदा त्या पानांचं कौतुक करून गेले होते, आणि मी घरी जाऊन ते सांगितलंही होतं.

अक्कांनी काय केलं, रजिस्टर बाजूला ठेवलं आणि एका पेशंटचा केसपेपर आणि त्याच्याच कार्डिओग्रामची पट्टी शेजारी शेजारी धरली. केसपेपरवर माझ्या घड्याळाची वेळ. पट्टीवर मशीननं आपली आपण छापलेली. मग माझ्याकडे आल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, की भाऊ, हा माणूस दवाखान्यात यायच्या पाच मिनिटं आधीच याचा कार्डिओग्राम निघालाय, तेवढं कसं जमवलंत ते मला शिकवा.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे. मशीनची बॅटरी गेलेली, लाइट गेली की त्याचं घड्याळ मागे पडायचं, ते पंधरा मिनिटं मागे. त्यामुळे खरं म्हणजे त्या माणसाला वीस मिनिटं लागली होती, तीही खिडकीशी त्याचा नंबर लागल्यापासून, आणि कागदावर तो न येताच तपासून झाला होता. त्या दिवशी अक्कांनी अख्खा दवाखाना पालथा घातला. वॉर्डातलं घड्याळ सात मिनिटं पुढे, औषधांच्या दुकानातलं बंद, डायरेक्टर साहेबांच्या केबिनमधलं चार मिनिटं मागे. परत आल्या, कट्ट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“बठ्ठा येडा शेतस.”

सगळे वेडे आहेत, हे घड्याळांबद्दल म्हणाल्या की आमच्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक स्टूल घेऊन त्या सगळी घड्याळं लावत फिरायला लागल्या. वॉर्डबॉयला सांगता आलं असतं, पण नाही. माझं घड्याळ त्या सकाळी बरोबर करायच्या, मी दुपारी परत दहा मिनिटं पुढे. असं आठवडाभर चाललं. दोघंही बोलत नव्हतो. शेवटी त्यांनीच विचारलं, की तुम्हाला याची एवढी काय हौस आहे. मी चिडून सांगितलं, हौस नाही, गाडी आहे. ती चुकली तर पुढच्या गाडीला तास-दीड तास, आणि घरी जेवायला थांबलेली माणसं. त्या संध्याकाळी मी मान खाली घालून कागद लावत होतो, तर खिडकीत अक्का. मनगट वळवून म्हणाल्या, निघा भाऊ, गाडीची वेळ झाली. त्यानंतर आमच्याकडे होत्या तोवर एक संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. पेशंट हातात असला तर कुणाच्या तरी हाती निरोप यायचा, सोनवणेंना म्हणावं उठा. माझं घड्याळ बरोबर राहिलं आणि गाडी कधी चुकली नाही. तरीही त्या मला आवडत नव्हत्या, बरं का. आपलं खोटं ज्याला दिसतं तो माणूस आवडणं सोपं नसतं.

मग तो मंगळवार आला.

मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले शेतकरी, साठीचे असतील, बायकोला घेऊन आले. रांग मोठी होती. बायको रांगेत उभी राहिली, ते बाकावर बसले. मध्ये एकदा स्वतः उठून खिडकीशी आले आणि म्हणाले, भाऊ, जरा घाबरल्यासारखं होतंय, गॅस धरलाय वाटतं, सोडा प्यायलो पण उतार नाही. माणूस इतका सभ्य, की मागे कुणी ओरडेल म्हणून बाजूला सरकून बोलत होता. मी म्हणालो, नाना, नंबर येऊ द्या, लाइनीतच या. ते ‘बरं बरं’ म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. बायकोचा नंबर आला, मी त्यांचं नाव विचारलं, पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, वय, गाव. तिनं मागे वळून त्यांना हाक मारली. ते उठले नाहीत.

त्यानंतर मी तीन दिवस जेवलो नाही, असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. जेवलो. पण रोज वाटायचं, आता अक्का येतील, चौकशीचा कागद येईल, त्यात माझं नाव असेल. त्या सोडणाऱ्या बाई नव्हत्या. कागद आला, अक्कांनीच लिहिलेला. मी तो वाचला. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. लिहिलं होतं, की केसपेपर झाल्याशिवाय पेशंट आत घ्यायचा नाही असा इथे नियम आहे, आणि तो पेशंट नियमाप्रमाणे बाकावर गेला. गेलेल्या माणसासाठी ‘बाकावर गेला’ हे शब्द चौकशीच्या कागदात शोभत नाहीत असं डायरेक्टर साहेबांचं म्हणणं पडलं. अक्कांनी ते बदलले नाहीत.

मी त्यांना गाठून विचारलं, अक्का, चूक माझी होती, मला का वाचवलंत? त्या जरा थांबल्या. म्हणजे चालता चालता थांबल्या, त्यांच्यासाठी ते फार झालं.

“मी तुम्हाला वाचवलं नाही, भाऊ. तुम्हाला काढलं असतं तर त्या खुर्चीवर दुसरा बसला असता आणि त्यानंही हेच सांगितलं असतं, लाइनीत या. मला ते वाक्य काढायचंय.”

आणि मग त्यांनी ते वाक्य काढायला सुरुवात केली. आधी मोजायला फाटकावर गेल्या. वॉचमन हिरामणला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला: छातीवर हात ठेवून कुणी उतरला की चिठ्ठीवर वेळ टाकून त्याच्या हातात द्यायची. पेशंट दवाखान्यात येतो तो फाटकातून, तुमच्या खिडकीतून नाही, म्हणाल्या. त्या महिन्याचा खरा वेळ निघाला फाटकापासून एकेचाळीस मिनिटं. डायरेक्टर साहेब गार पडले. वाईट माणूस नव्हता तो, भित्रा होता. म्हणाले, सिस्टर, आपलं तर दहा होतं ना. अक्का म्हणाल्या, साहेब, खोट्या दहापेक्षा खरा एकेचाळीस बरा, त्यातून काही कमी तरी करता येतं.

एका दुपारी तर कहरच. पोर्चमधून स्ट्रेचर येतंय आणि त्याच्यावर अक्का आडव्या. सगळा स्टाफ पळाला. साहेब चप्पल न घालता केबिनमधून बाहेर. जवळ जाऊन बघतो तर बाई डोळे उघडे ठेवून छताकडे बघतायत आणि मनगट डोळ्यांसमोर धरलेलं. पेशंटला कुठून कसं नेतात ते पेशंट होऊन बघत होत्या. उतारावर कुठे दणका बसतो, पाण्याच्या कूलरपाशी स्ट्रेचर वळत नाही म्हणून दोनदा मागे घ्यावं लागतं, आणि कार्डिओग्रामच्या खोलीला कुलूप असतं, ज्याची किल्ली आयाबाईंच्या कमरेला असते आणि आयाबाई जेवायला गेलेल्या असतात, हे सगळं त्यांनी पडल्या पडल्या शोधलं. संध्याकाळपर्यंत कूलर हलला. कुलूप त्यांनी काढून साहेबांच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवलं, की तुमच्याकडे जपून राहील.

माझ्या वाट्याला आली ती यादी. आठ-दहा दिवस अक्का माझ्या खिडकीशेजारी उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या, लोक आपलं दुखणं कुठल्या शब्दांत सांगतात ते. पुस्तकात असतं, छातीत तीव्र वेदना. आमच्याकडे असं कोण बोलतं? मग एक कागद माझ्या डोळ्यांसमोर चिकटवला. वर लिहिलेलं, यातलं काहीही ऐकलं की पेन खाली ठेवा. खाली आमच्याच लोकांची वाक्यं. घाबरल्यासारखं होतंय. छाती जड शे. जबडा दुखतोय. डावा हात भरून आला. गॅस धरलाय, सोडा प्यायलो तरी बरं वाटेना. आणि सगळ्यात शेवटी, काही नाही हो, उगीच आलो.

पेन खाली ठेवायचं म्हणजे नाव-गाव काही विचारायचं नाही, उठून त्या माणसाला आत पोचवायचं. कागद नंतर. वीस वर्षं मी माणूस आधी कागदावर घेत होतो आणि मग आत सोडत होतो, मला हे जमेना. खुर्चीतून उठायचं म्हणजे रांगेचा गलका. पहिल्या आठवड्यात मी जितके आत नेले त्यातले बरेच जण खरोखरीच गॅसचे निघाले. टेक्निशियन माझ्यावर उखडला. अक्का म्हणाल्या, निघू दे, पट्टीच तर जाते.

आणि मग बोदवडची एक बाई आली. चाळिशीची, हातात भाजीची पिशवी, म्हणजे बाजार करून आलेली. म्हणाली, भाऊ, काही नाही हो, पाठ भरून आलीय, उगीच आले. मी ‘नाव?’ म्हणालो. आणि माझं लक्ष कागदाच्या शेवटच्या ओळीवर गेलं. पेन खाली ठेवलं, तिची पिशवी मीच उचलली आणि तिला घेऊन निघालो. ती आपली म्हणतेय, अहो कशाला, माझा नंबर जाईल. नऊ मिनिटं लागली. अ‍ॅटॅक होता, मोठा. इंजेक्शन वेळेवर मिळालं, सहाव्या दिवशी ती चालत घरी गेली, आणि जाताना मला विचारून गेली की माझ्या पिशवीतली मेथी कुणी घेतली. मेथी मी आयाबाईंना देऊन टाकली होती. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला रडू आलं, तेही सांगून टाकतो.

तेव्हापासून रोज सकाळी अक्का खिडकीशी येऊन एकच शब्द विचारायच्या, “कितला?” म्हणजे कालचा वेळ किती. मी सांगायचो. एकेचाळीसचे तीस झाले, तीसचे बावीस. आकडा कमी झाला म्हणून कधी शाबास म्हणाल्या नाहीत. बावीस सांगितले तर म्हणायच्या, वरचे बारा कुठे गेले? आणि ते शोधायला निघून जायच्या. कधीकधी संताप यायचा. म्हणावंसं वाटायचं, बाई, एक दिवस तरी बसा की टेकून. म्हटलंही एकदा. त्या म्हणाल्या, बसते की, घरी गेल्यावर. त्यांच्या भावाकडून नंतर कळलं, घरीही तेच.

मग आली मोठी तपासणी. गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळणार होतं, भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या. आणि नेमक्या त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आबा आले. आबा म्हणजे आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांचे मोठे भाऊ, तापीकाठचे मोठे बागायतदार. त्यांची गाडी दिसताच हिरामणनं फाटक सताड उघडून सलाम ठोकला. आता ज्याला सलाम ठोकायचा त्याच्या हातात चिठ्ठी कोण देणार? साहेब स्वतः पोर्चमध्ये. आबांना रांग नाही, खिडकी नाही, थेट एसी केबिनमध्ये नेलं. जो तो येऊन पाया पडतोय. चहा आला, बिस्किटं आली. आबा म्हणाले, जरा घाबरल्यासारखं होतंय. साहेब म्हणाले, आबा, काळजी नको, मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावलंय. तुमचा कार्डिओग्राम काय टेक्निशियन काढणार का? यादीतलं पहिलंच वाक्य होतं ते. पण यादी माझ्या खिडकीत होती, केबिनमध्ये नव्हती. रांगेत उभा राहिलेला माणूस मी आत नेला असता. मानाचा माणूस केबिनमध्ये बसून राहिला.

अक्का वरच्या मजल्यावर होत्या. जिना उतरताना दुसऱ्यांदा चहाचा ट्रे जाताना दिसला, विचारलं कुणाला, आणि सपाता वाजवत धावत गेल्या. आबांचा सदरा घामानं चिकटला होता. भावामागोमाग आलेल्या अध्यक्षांसमोर, साहेबांसमोर त्यांनी आबांच्या हातातला कप काढून घेतला. फाटकापासून पट्टीपर्यंत सत्तेचाळीस मिनिटं. त्याच सकाळी शेतात निंदणीला जाणाऱ्या एका बाईला अकरा लागली होती. आबा वाचले, पण हृदयाचा बराच भाग कायमचा गेला.

दुपारी साहेब माझ्या खिडकीमागे आले. दार लावलं. उद्या तपासणी आहे, आबांच्या नावापुढे दहा लिहा, म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती, आणि विनवणीला नाही म्हणणं जास्त कठीण. मी रजिस्टर उघडलं. पेन टेकवलं आणि दहाचा एक लिहिला. हो, लिहिला. शून्य लिहायचं राहिलं होतं, तेवढ्यात अक्का आत आल्या. साहेबांकडे त्यांनी बघितलंच नाही. रजिस्टर माझ्याकडून ओढून घेतलं नाही, नुसता हात पुढे केला. मी दिलं.

“तुम्ही नका लिहू, भाऊ. तुम्हाला अजून बारा वर्षं इथे यायचंय. मी लिहिते.”

माझ्या एकावर त्यांनी एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, आणि सत्तेचाळीस लिहिलं. खाली बारीक अक्षरात फोडही लिहिली: फाटक ते केबिन दोन, नमस्कार-चमत्कार नऊ, चहा चौदा, मोठ्या डॉक्टरांची वाट बावीस. साहेब मटकन खुर्चीत बसले. मी भिंतीकडे बघत उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

प्रमाणपत्र पुढे ढकललं गेलं. महिनाभरात अक्कांना सांगण्यात आलं, की तुमचं घर धुळ्याला, तुम्हाला तिकडेच सोयीचं. भांडतील असं वाटलं होतं, भांडल्या नाहीत. शेवटच्या सकाळीही स्टूल घेऊन सगळी घड्याळं लावली. माझ्या खिडकीवरचं सगळ्यात शेवटी. संध्याकाळी म्हणाल्या, निघा भाऊ, गाडीची वेळ झाली. मी निघालो. त्यांना स्टँडवर सोडायला जायचं सुचायलाही गाडी पाचोऱ्याला लागावी लागली.

तीन महिन्यांनी आबा स्वतःची तब्येत दाखवायला आले. हिरामणनं फाटक उघडलं, तर म्हणाले, चिठ्ठी दे. काठी टेकत रांगेत उभे राहिले, माझ्यापर्यंत आले आणि रजिस्टरातलं आपल्या नावाचं पान मागितलं. मी दाखवलं. नमस्कार-चमत्कार नऊ, चहा चौदा. बराच वेळ वाचत होते, मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ही बाई कुठे आहे? धुळ्याला, म्हटलं. पुढच्या महिन्यात कार्डिओग्रामचं मशीन आतल्या खोलीतून उठून फाटकाशेजारच्या खोलीत आलं, आणि यादी केबिनमध्येही लागली. पण अक्कांना परत बोलवावं असं कुणालाच वाटलं नाही. मीही बोललो नाही. मी फक्त एवढं केलं, की त्या दिवसापासून रजिस्टरात जे खरं ते आणि त्याच वेळी लिहायला लागलो. साहेब येऊन बघायचे आणि जायचे.

या दिवाळीनंतर कळलं, की अक्कांना स्वतःला अ‍ॅटॅक येऊन गेला. रविवारी एसटीनं धुळ्याला गेलो. देवपुरात भावाकडे राहतात. अंगणात शिरलो आणि जागीच थांबलो. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. बसलेल्या अक्का मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पाय सुजलेले, गालफडं बसलेली, मनगट बारीक झाल्यानं घड्याळाचा पट्टा सैल. मला कसंतरीच झालं. कुणीतरी मांडी घालून बसलेली नदी दाखवावी तसं.

मी तब्येत विचारायला तोंड उघडलं, त्यांनी उघडू दिलं नाही.

“कितला?”

बसमध्ये मी ठरवून आलो होतो, दहा सांगायचं. आजारी बाई, तेवढंच बरं वाटेल. जीभ वळली नाही.

“चौदा,” मी म्हणालो.

“कोणी लिहिले?”

“मी. त्याच वेळी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मशीनची पट्टी बघायच्या तशा, एकेक रेघ. मग म्हणाल्या, “मंग खरं शे.” आणि लगेच, “वरना चार कोठे जातस?”

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, अक्का, माझं राहू द्या, तुमचे किती? तर म्हणाल्या, फाटकापासून अकरा, चांगले होते, पोरी हुशार आहेत इथल्या. मग खाली बघत हळूच म्हणाल्या, की फाटकाच्या आतले अकरा. पण मी दोन दिवस घरीच होते, भाऊ. जबडा दुखत होता. गॅस म्हटलं. सोडा प्यायले. यादी मी केली आणि यादीतलंच बोलत बसले. ते दोन दिवस कोणत्या रजिस्टरात लिहायचे?

उत्तर त्यांच्याकडेच होतं. भाचीला हाक मारून आतून कागदांचा गठ्ठा आणवला. तीच यादी, मोठ्या अक्षरात, भरपूर प्रती. तुम्ही रोज गाडीनं जाता, म्हणाल्या, तर एक पाचोऱ्याच्या स्टेशनवर, सुट्टीला जाऊन एक बोदवडला, पिठाच्या गिरण्यांवर, दूध डेअरीत, जिथे माणसं उभी राहतात तिथे लावा. मुक्ताईनगरला दोन लावा. दोन का, ते मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही तो बाक माहीत होता.

मी निघालो तर त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. भाची धावली, तिला हातानंच मागे सारलं. फाटकापर्यंत आल्या, म्हणाल्या, निघा भाऊ, गाडीची वेळ झाली. मी बसनं आलो होतो, पण तसं म्हणालो नाही. गल्लीच्या मध्यावर जाऊन मागे वळून पाहिलं. त्या फाटकाला धरून उभ्या होत्या आणि मनगट वळवून बघत होत्या, मला कोपऱ्यापर्यंत पोचायला किती लागतात ते. मी कागद छातीशी धरले आणि भराभर चालायला लागलो.